'बूसमन अँड लीना'मध्ये बुलडोझर दिसत नाही, मग विस्थापनावर लिहायचं काय?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, बाकी कुणी वाचत असेल तर त्यांनाही कळेल. एम.ए.च्या पेपरला दक्षिण आफ्रिकन नाटककार ॲथॉल फ्यूगार्डचं 'बूसमन अँड लीना' आहे, असाइनमेंटचा विषय आहे "मिश्रवंशीय समाज आणि जबरदस्तीचं विस्थापन", आणि तुझं म्हणणं असं की नाटकात समाज दिसतच नाही. एक जोडपं, एक मरायला टेकलेला म्हातारा, चिखल आणि शेकोटी, बस. बुलडोझरसुद्धा स्टेजवर येत नाही. मग पंधरा पानं भरायची कशाने, की सगळे करतात तशी 'वेटिंग फॉर गोदो'वाल्या सॅम्युअल बेकेटशी तुलना करून मोकळं व्हायचं? शिवाय शेवटी दोन प्रवेश मराठीत करून दाखवायचेत.

मी नाटक शिकवते, हे नाटक वर्गातही घेतलंय आणि विद्यार्थ्यांबरोबर तालमीतही उभं केलंय, त्यामुळे जरा लांब लिहिते. बुलडोझर स्टेजवर येत नाही कारण तो सकाळीच येऊन गेलाय. संध्याकाळी नाटक सुरू होतं आणि त्यानंतर ही दोघं एकमेकांशी जे वागतात ते सगळं सकाळच्या त्या कामाचाच पुढचा भाग आहे. हे एकदा धरलंस की पंधरा पानं कमी पडतील.

आधी गोष्ट पटकन. दक्षिण आफ्रिकेतल्या पोर्ट एलिझाबेथजवळ (आता त्या शहराचं अधिकृत नाव खेबेऱ्हा असं काहीसं उच्चारतात) स्वार्टकॉप्स नदीकाठची चिखलाची दलदल. त्याच शहरातल्या कोर्स्टन वस्तीतली त्यांची पत्र्या-पोत्यांची खोपटी त्या सकाळी गोऱ्यांनी बुलडोझर घालून पाडलीय, आणि असेल नसेल ते पाठीवर-डोक्यावर घेऊन दोघं इथवर चालत आलेत. बूसमन पुन्हा एक खोपटं उभं करतो. लीनाला अंधारात एक म्हातारा दिसतो, खोसा ही तिथली आफ्रिकन भाषा बोलणारा, त्याला हिची भाषा येत नाही आणि हिला त्याची. रात्रीत तो मरतो. बूसमन घाबरतो, खोपटं मोडतो, आणि दोघं परत सामान उचलून अंधारात चालायला लागतात. प्लॉट म्हणशील तर एवढाच, आणि पहिला प्रयोग झाला जुलै १९६९ मध्ये ग्रॅहम्सटाऊनला.

आता कायद्यांकडे येते, कारण जवळपास प्रत्येक असाइनमेंट इथेच घसरते. सगळे लिहितात "१९५० चा ग्रुप एरियाज ॲक्ट", दोन ओळी देतात आणि पुढे जातात. तो कायदा महत्त्वाचा आहेच. कुठल्या वंशाच्या माणसाने शहराच्या कुठल्या भागात राहायचं ते त्याने ठरवलं, आणि त्याच वर्षीच्या पॉप्युलेशन रजिस्ट्रेशन ॲक्टने कोण कुठल्या वंशाचा ते ठरवलं, केसात पेन्सिल अडकते की खाली पडते असल्या चाचण्या लावून, इतकं की एकाच घरातल्या दोन भावंडांवर दोन वेगळे शिक्के बसले. केपटाऊनचं डिस्ट्रिक्ट सिक्स ११ फेब्रुवारी १९६६ ला "फक्त गोऱ्यांसाठी" जाहीर झालं आणि पुढच्या वर्षांत तिथून साठ हजारांवर माणसं उठवून शहराबाहेरच्या वाळूच्या केप फ्लॅट्सवर नेऊन टाकली. पोर्ट एलिझाबेथमध्येही साऊथ एंड नावाची मिश्र वस्ती अशीच मोडली.

पण बूसमन आणि लीना या लोकांतसुद्धा बसत नाहीत, आणि हे लिहिलंस तर तुझा पेपर इतरांपेक्षा वेगळा होईल. डिस्ट्रिक्ट सिक्सच्या माणसाला निदान नोटीस यायची, कुठेतरी लांब भिकार का होईना पण सरकारी घर असायचं, नवा पत्ता असायचा. या दोघांना कुणी कुठे हलवत नाही, नुसतं "इथून चालते व्हा" म्हणतात. त्यांच्यासारख्यांवर १९५१ चा बेकायदा झोपड्यांविरुद्धचा कायदा चालायचा, झोपडी पाडायची आणि विषय संपला. म्हणजे उठवल्या गेलेल्या समाजाचाही हा तळ आहे. १९६० ते १९८३ या काळात दक्षिण आफ्रिकेत पस्तीस लाख लोकांना जबरदस्तीने हलवलं असा सर्प्लस पीपल प्रोजेक्टचा (या विस्थापनाचा अभ्यास करणारा तिथला प्रकल्प) अंदाज आहे, पण बूसमन-लीनाला कुठल्या रकान्यात मोजायचं हा प्रश्न मी वर्गात मुद्दाम विचारते. कारण हलवलं म्हणायला कुठून-कुठे असं काहीतरी लागतं आणि इथे "कुठे" हा भागच नाही.

आणि हो, "मिश्रवंशीय" हा शब्द असाइनमेंटच्या मथळ्यात आहे म्हणून वापर, पण गोरा बाप नि काळी आई असं सोपं गणित करू नकोस. तिथे 'कलर्ड' हा सरकारी वर्ग होता आणि आजही बरेच लोक स्वतःला तसंच म्हणवतात. त्यात मूळचे खोइ-सान लोक, युरोपियन, आणि डच काळात केपला गुलाम म्हणून आणलेली माणसं, इंडोनेशियातून, मादागास्करहून, आपल्या बंगालमधून आणि मलबारातूनसुद्धा, अशा कितीतरी जणांचे वंशज येतात. सरकारच्या दृष्टीने जे गोरे नाहीत, आफ्रिकन नाहीत आणि भारतीयही नाहीत ते सगळे इथे कोंबले.

आता नाटक. पहिलं काम म्हणून एक कोरा कागद घे आणि लीना घेते ती गावांची नावं लिहून काढ. रेडहाउस, कूगा, फीप्लास, मिशनव्हेल, बेथेल्सडॉर्प, क्लाइनस्कूल, कोर्स्टन, स्वार्टकॉप्स. मग नकाशावर ती सगळी शोध. ही खरी ठिकाणं आहेत आणि सगळी त्या एकाच शहराच्या आजूबाजूला आहेत, फार तर थोड्या तासांच्या पायपिटीच्या अंतरावर. बहुतेक विद्यार्थ्यांच्या डोक्यात चित्र असतं की हे दोघं देशभर भटकतायत, दोन भटके आत्मे वगैरे. अजिबात नाही. ते वर्षानुवर्षं एकाच शहराभोवती गोल फिरतायत, कारण रिकाम्या बाटल्या गोळा करून विकायला शहर लागतं, आणि सुट्टीला गळ टाकायला येणाऱ्या गोऱ्यांना चिखलातलं आमिष खणून विकायलासुद्धा शहर जवळच लागतं. शहराला ते नकोत पण शहराशिवाय त्यांचं पोट नाही. त्याच कूगाच्या परिसरात आता केवढं मोठं बंदर झालंय, ते नकाशावर दिसेलच.

आणि आता बघ लीना काय करते. ती नाटकभर या गावांचा क्रम लावायचा प्रयत्न करतेय. आधी कुठे होतो, मग कुठे गेलो, तिथून कोर्स्टनला कधी आलो. बोटं मोजते, दिशा दाखवते, चुकते, परत सुरू करते, बूसमनला विचारते आणि तो मुद्दाम सांगत नाही, उलट तिला आणखी गोंधळवतो, हसतो. विद्यार्थी हे वाचून लिहितात की लीनाला "आयडेंटिटी क्रायसिस" आहे. अगं, तुझ्यामाझ्या आठवणींना आधार काय असतो ते बघ ना. "त्या भाड्याच्या घरात होतो तेव्हा", "मावशीकडे राहायला होतो त्या वर्षी", घरं आणि पत्ते हेच आपलं कॅलेंडर असतं. ज्या बाईचं प्रत्येक घर पाडलंय, आणि प्रत्येक नवं घर आधीच्यासारखंच पत्र्याचं, चिखलातलं, कमरेत वाकून आत शिरायचं, तिला एक वर्ष दुसऱ्यापासून वेगळं काढायचं कसं? तिला झालेली मुलंसुद्धा या वाटेवरच कुठेतरी राहिली, एक सहा महिने जगलं, बाकीची मेलेलीच जन्मली, मग कुठल्या गावात कुठलं? विस्थापन हा या नाटकाचा नुसता विषय नाहीये गं, नाटकाची रचनाच त्यावर उभी आहे. लीनाला क्रम लागला की नाटक संपतं. शेवटी बूसमन तिला गावं क्रमाने सांगतो, दोन मिनिटांत, आणि ते ऐकूनही तिच्या हाती फारसं काही लागत नाही, हेही नीट वाच.

दुसरं काम बाटल्यांचं. सकाळी बुलडोझरच्या गडबडीत पोत्यातल्या काही रिकाम्या बाटल्या फुटल्या, त्यावरून बूसमनने लीनाला मारलंय, आणि ती तो मार अंगावर घेऊनच स्टेजवर येते. पुढे दुसऱ्या अंकात कळतं की बाटल्या तिने पाडल्याच नव्हत्या, त्याने पाडल्या होत्या. सकाळी काय झालं असेल ते डोळ्यापुढे आण. गोऱ्या माणसाने यंत्र लावून घर पाडलं, त्याच्यापुढे बूसमन काहीच करू शकला नाही, स्वतःच्या हातून पोतंही सुटलं, आणि मग त्याने हात उगारला तो एकाच माणसावर, जिच्यावर उगारता येत होता. लीना त्याला विचारते की तू मला मारतोस ते मी इथे आहे याची खात्री करायला का? मग मूठ उघड आणि नुसता हात ठेवून बघ. (हे मी माझ्या शब्दांत सांगतेय, मूळ वाक्य पुस्तकातून घे.) म्हणून या नाटकातला नवऱ्याचा मार आणि सरकारचा बुलडोझर असे दोन वेगळे चॅप्टर करू नकोस, तसं केलंस की नाटक हातातून गेलं. अर्थात याचा अर्थ बूसमन बिचारा असा नाही हं. फ्यूगार्ड त्याला सूट देत नाही, तूही देऊ नकोस.

तिसरा माणूस म्हणजे म्हातारा. लीना त्याला शेकोटीपाशी ठेवून घेण्यासाठी आपल्या वाटणीची दारू सोडून देते, त्याच्याशी बोलत राहते, त्याच्याकडून स्वतःचं नाव वदवून घेते, मगमधला चहा नि पाव त्याच्याबरोबर वाटून खाते, आणि पहिला अंक तिथे संपतो. का? तर तिला बघणारं कुणीतरी हवंय, साक्षीदार, बूसमन सोडून. आणि बूसमन त्या म्हाताऱ्याला काय म्हणतो ते बघ. काळ्यांसाठी गोरे जी शिवी वापरायचे तीच. गोऱ्यांनी ज्याला सकाळी कचऱ्यासारखं उचलून फेकलं तो संध्याकाळी आपल्याहून खालचा एक शोधतो आणि त्याला खोपटात घेत नाही, थंडीत बाहेर ठेवतो. अपार्थाइडने, म्हणजे तिथल्या सरकारी वंशभेदाने, माणसं नुसती वेगळी ठेवली नाहीत, एकाखाली एक अशी रचली, प्रत्येकाला खाली बघायला कुणीतरी दिलं. आपल्याकडच्या वाचकाला हे जास्त समजावायची गरज पडू नये.

आणि आता ती जागा जिथे माझ्या मते नाटकाचा जीव आहे, बूसमनचं बुलडोझरबद्दलचं बोलणं. तो आधी लीनाची नक्कल करतो, गोऱ्यांपुढे ती कशी गयावया करत होती, 'बास, बास' (म्हणजे मालक, मालक) करत होती ते. मग सांगायला लागतो आणि आपल्याला वाटतं आता रडेल. तर तो म्हणतो त्याला बरं वाटलं. ते पिवळं धूड हळूहळू येताना, खोपटं आडवं होताना, जाळ होताना त्याला मोकळं वाटलं. कारण ते घर नव्हतंच, कमरेत वाकून जनावरासारखं आत शिरायचं ते बीळ होतं, आणि ते गेल्यावर तो क्षणभर ताठ उभा राहिला. गोऱ्याने आपल्याला स्वातंत्र्य दिलं असं तो म्हणतो, आणि ते किती खरं नि किती उपहास ते शेवटपर्यंत कळत नाही, कळूही नये. आणि मग काय, दोघं चालत चालत परत इथेच, त्याच चिखलात, आणि तो त्याच हातांनी तसलंच बीळ परत बांधतो. आपण गोऱ्यांचा कचरा आहोत, त्यांना फेकताही येत नाही असा कचरा, हेही तोच म्हणतो. इतर विस्थापनाच्या नाटकांत घर म्हणजे आठवणींनी भरलेली प्रेमळ जागा असते आणि ती गेली म्हणून आपण हळहळतो. इथे नाटककार विचारतो की ज्याचं घर हीच त्याची बेइज्जती होती त्याचं घर पाडल्यावर नेमकं काय गेलं? या एका प्रश्नावर पाच पानं लिही, बिनधास्त.

तुलना करायचीच असेल तर ती इथे कर. १९८७ चं डेव्हिड क्रेमर आणि तलीप पीटरसन यांचं डिस्ट्रिक्ट सिक्सवरचं म्युझिकल घे, किंवा जोहान्सबर्गची मिश्र वस्ती उठवली त्यावरचं १९८६ चं 'सोफियाटाऊन' घे, दोन्हीकडे गल्ली आहे, शेजार आहे, गाणी आहेत, म्हणजे तुला हवा तो "समाज" आहे. मग मागे वळून बूसमन-लीनाकडे बघ, समाज का दिसत नाही ते कळेल. तो उरलेलाच नाही, दोनच माणसं शिल्लक राहिलीत.

बेकेटचं म्हणशील तर तुलना चूक नाही. दोघंजण, रिकामी जागा, निघायचं-थांबायचं, सगळं आहे, आणि फ्यूगार्डवर बेकेटचा प्रभाव होताच. पण एका पानाच्या पुढे जाऊ नकोस. बेकेटच्या रस्त्याला गावाचं नाव नाही, इथे प्रत्येक चिखलाला नाव आहे आणि प्रत्येक हकालपट्टीमागे कायद्याचं कलम आहे. "मानवी अस्तित्वाची निरर्थकता" असं एकदा लिहिलं की गोऱ्या अधिकाऱ्याची जबाबदारी विश्वावर ढकलली जाते. मला पेपर तपासताना सगळ्यात जास्त चीड या वाक्याची येते, खरं सांगते.

एक अडचणीचा मुद्दा टाळू नकोस. फ्यूगार्ड गोरा होता. पहिल्या प्रयोगात बूसमन त्याने स्वतः केला आणि लीना यव्हॉन ब्राइसलंड या गोऱ्या अभिनेत्रीने. आज ऐकायला कसंतरी वाटतं आणि वाटायलाच हवं. पण त्याबरोबर हेही लिही की १९६५ मध्ये याच ग्रुप एरियाज कायद्याखाली फर्मान काढून मिश्र नटसंच आणि मिश्र प्रेक्षक यांवर बंदी आणली होती, म्हणजे ज्या कायद्याने वस्त्या तोडल्या त्यानेच स्टेजही वाटून टाकलं. सरकारने फ्यूगार्डचा पासपोर्टही १९६७ ला काढून घेतला होता, १९७१ ला परत मिळाला, त्यामुळे १९७० च्या न्यूयॉर्कच्या प्रयोगाला, ज्यात जेम्स अर्ल जोन्स आणि रूबी डी होते, तो जाऊ शकला नाही. तरीही कलर्ड माणसाचं दुःख कोण लिहितोय हा प्रश्न उरतोच, म्हणून समोर ॲडम स्मॉल ठेव. तो स्वतः कलर्ड, आफ्रिकान्स या डचमधून तयार झालेल्या तिथल्या भाषेत, केपच्या लोकांच्या बोलीत लिहिणारा, आणि त्याचं 'कान्ना हाय को हाइस्तू' हे नाटक १९६५ ला, म्हणजे फ्यूगार्डच्या या नाटकाआधीच छापून आलं होतं. त्यात कुटुंब आहे, आई आहे, परदेशातून परत आलेला मुलगा आहे. दोघांना शेजारी ठेवून एक सेक्शन केलास तर परीक्षक खूश होईल आणि तुझ्याही डोक्यात बरंच स्पष्ट होईल.

आता मराठी प्रवेशांबद्दल. कृपा करून हे धारावीत नेऊन बसवू नकोस. दर वर्षी कुणीतरी नेतंच, आणि मग बूसमनला आपल्याकडच्या एखाद्या जातीची किंवा भटक्या जमातीची बोली चिकटवली जाते, वर्गात हशा पिकतो आणि सगळं वाया जातं. माणसं तिथलीच राहू दे, गावांची नावं तीच ठेव, भाषा मात्र साधी, तुटक, रोजच्या भांडणातली मराठी. लीना वेगात बोलते, भटकते, परत मूळ मुद्द्यावर येते, बूसमन एका शब्दात उत्तर देतो, ही लय सांभाळली तर बोली लागतच नाही. शिव्या गाळू नकोस पण मराठी शिवी शोधताना जातिवाचक शिवी वापरायचा मोह टाळ.

आणि तालमीत सामान खरं घ्या. गादी, घोंगडं, पत्र्याचा डबा, लाकडाची मोळी, खरोखरचा पत्रा. थर्माकोलचा नको. नाटककाराने लिहून ठेवलंय की लीनाची मान डोक्यावरच्या ओझ्याने कायमची ताठरलीय, आणि हे नुसतं वाचून कुठल्याच मुलीला जमत नाही. अर्धा तास ओझं डोक्यावर घेऊन, अनवाणी, कॉलेजच्या मैदानात फिरवा, मग ओझं खाली ठेवा आणि लगेच पहिला संवाद म्हणायला लावा, आवाज आपोआप बदलतो. "इथे?" हा तिचा पहिला शब्द त्यानंतर ऐक. प्रवेश निवडताना एक पहिल्या अंकातला गावं मोजायचा घे आणि दुसरा बूसमनच्या बुलडोझरच्या बोलण्याचा. म्हाताऱ्याच्या मरणाचा प्रवेश सगळ्यांना करायचा असतो पण वीस मिनिटांच्या प्रेझेंटेशनमध्ये तो नुसता मेलोड्रामा होतो.

महाराष्ट्राशी काही संबंध आहे का असंही तू शेवटी विचारलंयस. ओढूनताणून आणू नकोस, पण एक खरा धागा आहे. केपटाऊनमध्ये कोकणातून गेलेल्या मुसलमान कुटुंबांचा जुना समाज आहे, रत्नागिरी आणि जुन्या कुलाबा जिल्ह्याकडची माणसं, घरात कोकणी बोलणारी. त्यातली काही डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये राहायची. त्यांच्यावर 'भारतीय' असा शिक्का बसला, शेजारच्या कलर्ड कुटुंबावर 'कलर्ड', आणि मग भारतीयांना केपटाऊनच्याच रायलंड्स भागाकडे, कलर्ड लोकांना भलतीकडे. एका गल्लीतल्या दोन घरांची ताटातूट कागदावरच्या एका शब्दाने झाली. एवढा एक परिच्छेद तळटीपेत टाक, मुख्य लेखात नको, कारण बूसमन-लीना पोर्ट एलिझाबेथचे आहेत आणि त्यांच्या शेजारी कुणीच नव्हतं.

आधी नकाशा कर, आजच. मग नाटक एका बैठकीत मोठ्याने वाच, मागच्या शब्दार्थांकडे न बघता, दुसऱ्या वेळेला बघ. आउटलाइन झाली की पाठव, मी बघून देते, पण "अस्तित्ववाद" हा शब्द पहिल्या पानावर दिसला तर न वाचता परत पाठवीन.